कसाव्यावरील पिठ्या ढेकणाचे जैविक नियंत्रण

दक्षिण अमेरिकेतून आफ्रिकेत शिरलेल्या पिठ्या ढेकूण (फेनॅकॉकस मनिहोटी) या किडीचा, तिच्याच मूळ प्रदेशातून आणलेल्या परोपजीवी गांधीलमाशीच्या साहाय्याने १९८१ पासून करण्यात आलेला बंदोबस्त. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या अन्नसुरक्षेसाठी विज्ञानाचा उपयोग झाल्याची जी उदाहरणे विसाव्या शतकात घडली, त्यांत या कार्याचे स्थान फार वरचे आहे. त्याचा लाभ मिळण्यासाठी शेतकऱ्याला बियाणे, खत वा औषध यांपैकी काहीही विकत घ्यावे लागले नाही, आणि ज्या गावांपर्यंत कृषी खात्याचा माणूस कधी पोहोचलाच नव्हता, तेथेही हा लाभ पोहोचला.

कसावा किंवा टॅपिओका हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील कंदपीक सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आफ्रिकेत गेले आणि कालांतराने सहाराच्या दक्षिणेकडील विस्तीर्ण पट्ट्याचे मुख्य अन्न बनले. हलक्या जमिनीत, अपुऱ्या पावसावर ते तग धरते. कंद तयार झाल्यावर लगेच काढावे लागत नाहीत, गरज पडेपर्यंत ते जमिनीतच राहू देता येतात. ज्या कुटुंबाकडे कोठार नाही आणि हाती पैसाही नाही, त्याच्या दृष्टीने हा गुण अनमोल आहे. काँगोच्या खोऱ्यात कंदांबरोबरच कोवळ्या पानांची भाजीही रोजच्या जेवणात असते. लागवड बियांपासून न करता खोडाच्या कांड्यांपासून करतात, आणि हे बेणे एका गावातून दुसऱ्या गावात, प्रसंगी एका देशातून दुसऱ्या देशात हातोहात जाते. किडीचा प्रवासही त्याच वाटेने होतो.

सुमारे चार शतके हे पीक आफ्रिकेत आपल्या मूळ प्रदेशातील बहुतेक शत्रूंपासून दूर वाढले. १९७०च्या दशकाच्या आरंभी काँगो व झाईर (आताचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) या देशांत पिठ्या ढेकूण प्रथम आढळला. तो लागवडीच्या बेण्याबरोबर आला असावा असे मानले जाते. या किडीत नर नसतात. मादी मीलनाशिवाय शेकडो अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच निपजतात, त्यामुळे नव्या शेतात एक मादी पोहोचली तरी प्रादुर्भाव सुरू होण्यास ती पुरेशी ठरते. कीड शेंड्यातील रस शोषते आणि तिच्या लाळेच्या परिणामाने पेरे आखूड होतात, पाने आक्रसून शेंड्याचा गुच्छ बनतो व झाडाची वाढ खुंटते. पावसाळ्यात बरीचशी कीड धुऊन जाते, पण कोरड्या हंगामात तिची संख्या झपाट्याने वाढते. काही ठिकाणी कंदांचे नुकसान ८० टक्क्यांपर्यंत गेले. पानांची भाजी मिळेनाशी झाली, आणि दुबळ्या झाडांच्या कांड्या लागवडीस निरुपयोगी ठरल्याने पुढील हंगामाचे बेणेही हातचे गेले. सुमारे २० कोटी लोकांचे मुख्य अन्न त्यामुळे धोक्यात आले.

कीटकनाशकांची फवारणी हा येथे व्यवहार्य मार्ग नव्हता. मेणचट, पिठासारखे आवरण आणि आक्रसलेल्या पानांचा आडोसा यांमुळे औषध किडीपर्यंत नीट पोहोचत नाही. ज्या पानांची भाजी करायची त्यांवर विषारी औषध मारणे धोक्याचे होते, आणि औषधपंपाची किंमत बहुतेक शेतकऱ्यांच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने जैविक नियंत्रणाचा मार्ग निवडला. त्यामागील तर्क असा की, मूळ प्रदेशात ही कीड उपद्रवी म्हणून ऐकिवात नाही, त्याअर्थी तिला काबूत ठेवणारे शत्रू तेथे असलेच पाहिजेत. १९७९ मध्ये या संस्थेत रुजू झालेले स्विस कीटकशास्त्रज्ञ हान्स रुडॉल्फ हेरेन यांच्याकडे या कार्याची धुरा आली.

मात्र या किडीचा मूळ प्रदेश कोणता, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आफ्रिकेत सापडलेल्या नमुन्यांवरून ही जाती विज्ञानास नवी असल्याचे ठरून १९७७ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले, पण अमेरिका खंडातील तिचा ठावठिकाणा त्यातून कळत नव्हता. शोध घेता घेता दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात कसाव्यावर हुबेहूब तसाच पिठ्या ढेकूण मिळाला, तेव्हा शोध संपला असे वाटले. परंतु त्याच्यावर वाढणारे परोपजीवी कीटक आफ्रिकेतील किडीला स्वीकारेनात. बारकाईने तपासल्यावर ती वेगळीच जाती निघाली. तिच्यात नर व मादी दोन्ही असतात आणि तिला पुढे हेरेन यांच्या नावावरून फेनॅकॉकस हेरेनी असे नाव देण्यात आले. अखेर १९८१ मध्ये कोलंबियातील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय शेती केंद्राचे कीटकशास्त्रज्ञ अँथनी बेलोटी यांना खरी कीड पॅराग्वेमध्ये आढळली. वर्गीकरणशास्त्र हे संग्रहालयात बसून करायचे, शेतीशी संबंध नसलेले काम आहे असा समज आजही आढळतो. येथे तर किडीची नेमकी ओळख पटेपर्यंत सगळे कामच अडून राहिले होते.

पॅराग्वेतील किडीवर जे परोपजीवी कीटक मिळाले, त्यांत ॲनागायरस लोपेझाय ही दोन मिमी.हूनही लहान गांधीलमाशी सर्वांत उपयुक्त ठरली. तिची मादी पिठ्या ढेकणाच्या शरीरात अंडे घालते, अंड्यातून निघालेली अळी त्याला आतून खाते, आणि उरलेल्या टणक कवचाला भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. अंड्यापासून माशीपर्यंतच्या वाढीस उष्ण हवेत दोन ते तीन आठवडे लागतात. परक्या प्रदेशातून कीटक आणताना तो निरुपद्रवी आहे ना, आणि त्याच्याबरोबर त्याचे स्वतःचे परोपजीवी तर येत नाहीत ना, याची खात्री करावी लागते. म्हणून ही माशी आधी इंग्लंडमध्ये विलगीकरणात ठेवून तपासण्यात आली आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये नैर्ऋत्य नायजेरियातील शेतांत प्रथम सोडण्यात आली. पुढे तिची मोठ्या प्रमाणावर पैदास करण्यात आली, आणि दुर्गम भागांसाठी विमानांतून माश्या सोडण्याची पद्धतही विकसित झाली. दशक संपण्याच्या सुमारास आफ्रिकेतील वीसहून अधिक देशांत माशी स्थिरावली होती. तिचा पुष्कळसा प्रसार माणसाच्या मदतीवाचून झाला.

कीड कमी झाली ती माशीमुळेच, की हवामानामुळे, हे ठरवण्यासाठी केलेले प्रयोग या कार्याइतकेच मोलाचे आहेत. कसाव्याचे काही शेंडे बंद कापडी पिशव्यांत ठेवून माशीला मज्जाव केला, तेव्हा तेथील किडीची संख्या उघड्या शेंड्यांवरील संख्येपेक्षा कित्येक पटींनी वाढली. कीटकशास्त्रज्ञ पीटर नॉयनश्वांडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेतील शेतकऱ्यांच्या शेतांत केलेल्या पाहणीत, सवाना (गवताळ) प्रदेशात माशीमुळे वाचलेले उत्पन्न हेक्टरी सुमारे अडीच टन असल्याचा अंदाज निघाला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आर्थिक अभ्यासानुसार खर्चाच्या १४९ पट लाभ झाला. या कार्याबद्दल हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला.

हे यश सर्वत्र सारखे नव्हते. अत्यंत नापीक, वाळूसर जमिनींत कीड माशीला दाद देईना, आणि त्याचे कारण मोठे उद्बोधक आहे. ॲनागायरस लोपेझायची मादी मोठ्या आकाराच्या पिठ्या ढेकणात मादी निपजणारे अंडे घालते आणि लहान आकाराच्या ढेकणात नर निपजणारे. कसदार जमिनीतील सशक्त झाडावर ढेकूण मोठे होतात व माश्यांच्या माद्या वाढतात; उपाशी जमिनीतील झाडावर ढेकूण लहान राहतात, नरांचे प्रमाण वाढते आणि माशीची पुढची पिढी घटते. अशा शेतांत पालापाचोळ्याचे आच्छादन व खत दिल्यावर किडीचे नियंत्रण सुधारले. सेंद्रिय द्रव्य वाढवण्याचा सल्ला एरवी पिकाच्या पोषणासाठी दिला जातो. तो कीडनियंत्रणाचाही भाग आहे, हे येथे प्रत्यक्ष दिसून आले, आणि लहान शेतकऱ्यांसाठी या संशोधनातून निघालेले हेच सर्वांत उपयोगी सूत्र म्हणावे लागेल.

आशियात ही कीड २००८ मध्ये थायलंडमध्ये आढळली, तेव्हा पश्चिम आफ्रिकेतील बेनिन येथून २००९ मध्ये हीच माशी नेण्यात आली. भारतात कीड २०२० मध्ये केरळातील त्रिशूर येथे नोंदली गेली व लवकरच तमिळनाडूतील सेलम, नमक्कल या जिल्ह्यांत पसरली. महाराष्ट्रातील घरोघरी उपवासाला लागणारा साबुदाणा मुख्यतः सेलम परिसरातील टॅपिओकाच्या पिठापासूनच तयार होतो, त्यामुळे या किडीचा मराठी स्वयंपाकघराशी थेट संबंध आहे. बंगळूरू येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने बेनिन येथून ही माशी मिळवली, आणि विलगीकरणातील चाचण्यांनंतर मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यातील येथापूर येथून तिचे प्रसारण सुरू केले.

भारतात या पद्धतीचा अनुभव त्याआधीचा आहे. २००८ मध्ये कोईमतूर येथे आढळलेला पपईवरील पिठ्या ढेकूण पुढे महाराष्ट्रातील पपईच्या बागांतही आला, तेव्हा २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेल्या ॲसेरोफॅगस पपायी या परोपजीवी कीटकाने त्याला आटोक्यात आणले. उसावरील लोकरी माव्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात त्याचा उद्रेक झाला आणि तो वेगाने शेजारच्या जिल्ह्यांत व कर्नाटकात पसरला, परंतु त्याचे शत्रू परदेशातून आणावे लागले नाहीत. डिफा आणि मायक्रोमस हे परभक्षी कीटक देशातच होते, तर एन्कार्सिया ही परोपजीवी माशी आसाममधून आणता आली. डिफाच्या अळ्या असलेली उसाची पाने कापून ती लोकरी मावा पडलेल्या शेतांत नेऊन ठेवणे, आणि ज्या फडात मित्रकीटक दिसतात तेथे फवारणी थांबवणे, हे उपाय शेतकऱ्यांना स्वतः करता येण्याजोगे होते.