वाटी-कपाच्या मापाचं ग्रॅममध्ये रूपांतर

रेसिपीत वाटी, कप किंवा चमच्याने दिलेलं सामान वजनात किती ग्रॅम भरतं ते काढणं म्हणजे हे रूपांतर. कप आणि वाटी जागा मोजतात, काटा वजन मोजतो, त्यामुळे सगळ्या जिन्नसांना चालेल असा एकच आकडा नसतोच, प्रत्येक जिन्नसाचा वेगळा असतो. पाण्याचं सोपं आहे, १ मिली म्हणजे १ ग्रॅम. बाकी सगळ्याला घनतेने गुणावं लागतं, आणि पीठ, रवा, पोहे ह्यांच्यात तर दाण्यांमधली हवा पण त्या कपातच मोजली जाते.

२४० मिलीच्या कपात साखर साधारण २०० ग्रॅम बसते, बारीक रवा १७० च्या आसपास, तेल २२०, पातळ केलेलं तूप २१८, दूध २४५ आणि मध चक्क ३४०. मैद्याचं मात्र सांभाळून, चमच्याने हलक्या हाताने कप भरला तर १२०-१२५ ग्रॅम आणि तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० पर्यंत जातो. कप एकच, मैदा एकच, तरी केक कोरडा होतो तो इथेच, म्हणून बेकिंगवाले लोक ग्रॅमचा एवढा आग्रह धरतात आणि तो अगदी बरोबर आहे.

आता कप कुठला हे पण बघावं लागतं. अमेरिकेतला साधारण २३७ मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००, आणि राइस कुकरसोबत जो छोटा कप येतो तो १८० मिलीचा. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिली, पण ऑस्ट्रेलियात २०. अमेरिकन रेसिपीत ‘एक स्टिक बटर’ असतं ते ११३ ग्रॅम, आपल्याकडची १०० ग्रॅमची वडी घेतली की तेवढं कमीच पडतं.

आपल्याकडे धान्य मापाने मोजायची सवय फार जुनी, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. वजनाची किलो-ग्रॅम पद्धत सरकारने १९५८ पासून लागू करायला घेतली, बाजारात ती रुळली पण घरातली वाटी काही गेली नाही. आणि वाटीला कंपनीचं ठरलेलं माप नसतं, कुणाची १५० मिलीची तर कुणाची २०० ची. म्हणून आधी आपली वाटी मोजायची: काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्य करायचा, काठोकाठ पाणी भरायचं, जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे मिली. समजा १६० आले तर ती वरच्या २४० मिलीच्या कपाच्या दोन तृतीयांश, म्हणजे साखर १३३ ग्रॅम, रवा ११३.

चकलीच्या भाजणीत हे सगळं फार छान कळतं. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, एक वाटी पोहे असं प्रमाण घेतलं तर तांदूळ आणि डाळी वाटीला जवळपास सारख्याच वजनाच्या असतात, त्यामुळे ते ४:२:१ किलोत घेतलं तरी बिघडत नाही, पण पोहे हलके असतात, त्यांनाही डाळीएवढंच वजन लावलं तर ते जवळपास दुप्पट पडतात आणि भाजणीचा पोतच बदलतो. आईकडून फोनवर वाट्यांचं प्रमाण घेऊन परदेशात किलोच्या पिशव्या आणणाऱ्यांनी पोहे तेवढे वेगळे मोजावेत.

गूळ चिरलेला, किसलेला की खडा, तिन्हीचं वाटीतलं वजन वेगळं, त्यामुळे गूळ वजनानेच घेतलेला बरा. उलट सोडा, यीस्ट, हिंग असलं बारीकसारीक चमच्यानेच घ्यावं, कारण घरचा साधा काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने चालतो आणि एक टीस्पून इन्स्टंट यीस्ट भरतं जेमतेम ३ ग्रॅम, तिथे काट्याची एका ग्रॅमची चूक म्हणजे तिसरा हिस्सा झाला. मीठ बारीक असेल तर टीस्पूनला ६ ग्रॅमच्या आसपास बसतं, जाडं मीठ त्याच चमच्यात कमी.