आयर्लंडमधली पगारकपात, भत्तेकपात आणि डॉलमधला विरोध : पार्श्वभूमी

आयर्लंडमध्ये २००८ नंतर सरकारी नोकरांचे पगार आणि गरिबांचे भत्ते कापले जात होते तेव्हा विरोधी पक्ष झोपले होते का, असं बरेच जण विचारतात. झोपले नव्हते. भाषणं केली, विरोधात मतं टाकली, पण बजेटवरचं एकही मतदान सरकार हरलं नाही. हे असं का होतं ते कळायला २००८ च्याही बरंच मागे जावं लागतं.

१९२४ मध्ये, देश नुकताच उभा राहत होता तेव्हा, अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद यांनी म्हाताऱ्यांच्या आठवड्याच्या १० शिलिंग पेन्शनमधला एक शिलिंग कापला. ब्रिटनशी केलेला करार अमान्य असलेले खासदार सभागृहावर बहिष्कार टाकून बाहेर बसलेले, त्यामुळे डॉलमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, विरोध करायची सगळी जबाबदारी छोट्याशा लेबर पार्टीवर आली आणि तिच्याकडे आकडेच नव्हते. शिलिंग गेला. पण लोक तो विसरले नाहीत, आजही तिथल्या राजकारणात ‘ब्लाइदचा शिलिंग’ निघाला की मंत्री सावध होतात, आणि माझ्या मते २००९ च्या बजेटमध्ये बाकी सगळ्यांना हात लावून म्हाताऱ्यांच्या पेन्शनला लावला नाही त्यामागे ही भीतीसुद्धा होतीच.

दुसरी गोष्ट नियमांची, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. १९३७ च्या राज्यघटनेच्या कलम १७ नुसार सरकारची लेखी शिफारस असल्याशिवाय डॉल खर्चाचा कुठलाही ठराव मंजूर करू शकत नाही, त्यावर पंतप्रधानांची सही लागते. आता समजा सरकारनं बेकारभत्ता १९६ युरोवरून १८८ वर आणणारं विधेयक आणलं आणि विरोधी खासदारानं दुरुस्ती दिली की १८८ च्या जागी १९६ लिहा, तर ती दुरुस्ती चर्चेलाच येत नाही, तिजोरीवर बोजा पडतो म्हणून आधीच बाद. मग करायचं काय? एक तर त्या अख्ख्या कलमाच्या विरोधात मत द्यायचं, नाहीतर ‘या कपातीचा परिणाम काय होईल याचा अहवाल मंत्र्यांनी द्यावा’ अशी दुरुस्ती द्यायची, कारण अहवाल मागायला पैसे लागत नाहीत. म्हणूनच त्या काळातली दुरुस्त्यांची यादी बघितली की अहवाल द्या, अहवाल द्या, असंच दिसतं. ज्यांना हे माहीत नसतं त्यांना वाटतं विरोधक मिळमिळीत होते, पण त्यांचे हात घटनेनंच बांधलेले होते.

१९८७ ला तर उलटंच झालं. चार्ल्स हॉही यांचं अल्पमतातलं सरकार, रे मॅकशॅरी अर्थमंत्री, हॉस्पिटलच्या खर्चावर मोठी कपात, आणि मुख्य विरोधी पक्ष फिना गेलचे नेते अ‍ॅलन ड्यूक्स यांनी डब्लिनजवळच्या टॅलामधल्या भाषणात जाहीर केलं की दिशा बरोबर असेल तर आम्ही सरकारला आडवे येणार नाही. पण १९८९ मध्ये रक्त उत्पादनांमधून एचआयव्ही झालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांना मदत द्यायच्या ठरावावर सरकार हरलं, हॉहींनी निवडणूक लावली आणि दवाखान्यांची कपातच प्रचारात त्यांना महागात पडली.

आता २००८. सप्टेंबरच्या शेवटी सरकारनं बुडायला आलेल्या बँकांना साधारण ४४० अब्ज युरोची हमी दिली. लेबरनं विरोधात मत दिलं, फिना गेल आणि शिन फेन दोघांनी बाजूनं. दोनच आठवड्यांनी बजेट आलं, त्यात अर्थमंत्री ब्रायन लेनिहान यांनी ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आपोआप मिळणारं मोफत उपचारांचं मेडिकल कार्ड काढून घेतलं. मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. डब्लिनमधल्या वेस्टलँड रोवरच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये म्हाताऱ्यांची सभा भरली, बाकं पुरेनात, सरकारच्या राज्यमंत्र्याला बोलूच दिलं नाही, दुसऱ्या दिवशी हजारो पेन्शनर संसदेच्या गेटवर. सत्ताधारी फिना फॉलचे जो बेहान पक्ष सोडून गेले, अपक्ष फिनियन मॅकग्रा यांनी पाठिंबा काढला, आणि सरकारनं उत्पन्नाची मर्यादा एवढी वाढवली की बहुतेकांची कार्डं वाचली. विरोधी बाकांवरून जे जमलं नाही ते सत्ताधारी बाकांवरची दोन-चार माणसं हलल्यावर जमलं. पुढची पाच वर्षं याच नजरेनं बघितली की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

२००९ मध्ये सरकारी नोकरांवर दोन घाव पडले. आधी आर्थिक आणीबाणीचा कायदा करून पेन्शन लेव्ही, म्हणजे पेन्शनच्या नावानं पगारातून वजावट, लावली, सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास, मग डिसेंबरमध्ये थेट पगारकपात, पहिल्या ३०,००० युरोवर ५ टक्के, पुढच्या ४०,००० वर साडेसात, त्यापुढच्या ५५,००० वर १०. त्याच बजेटमध्ये बेकारभत्ता २०४.३० वरून १९६ वर, आणि २०-२१ वर्षांच्या नव्या अर्जदारांना फक्त १००. हो, १००, आठवड्याला. विरोधी बाकं संतापली, सत्ताधारी बाकांवर अस्वस्थता होती, पण व्हिप मोडायला फारसं कुणी तयार नव्हतं, विधेयकं पास झाली. २०१० मध्ये युनियननी क्रोक पार्क करार करून पुढची पगारकपात २०१४ पर्यंत थांबवून घेतली, बदल्यात कामाच्या पद्धतीत बदल मान्य केले. म्हणजे पगाराचं संरक्षण संसदेबाहेरच्या टेबलावर मिळालं. बेकारांसाठी असं टेबल कुठेच नव्हतं. त्याच वर्षी ८५ अब्ज युरोचं बेलआउट, म्हणजे देशाला संकटातून काढायचं मदतीचं पॅकेज, आलं, किमान वेतन तासाला एक युरोनं खाली आणलं, भत्ता १८८ वर आला.

फेब्रुवारी २०११ मध्ये मतदारांनी फिना फॉलला २० जागांवर आणून ठेवलं आणि लेबरला ३७ दिल्या, त्यांच्या इतिहासातल्या सगळ्यात जास्त. प्रचारात लेबरनं जाहिरात केली होती की फिना गेल एकटं सत्तेत आलं तर चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलामागे महिन्याला मिळणारा भत्ता, कापेल. नंतर दोघं मिळून सरकारमध्ये बसले, किमान वेतन परत वर नेलं हे खरं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं, पण डिसेंबर २०१२ ला चाइल्ड बेनिफिट १४० वरून १३० वर लेबरच्याच मंत्री जोन बर्टन यांनी आणलं. आणि त्याच बजेटमध्ये घरातल्या आजारी किंवा अपंग माणसाची रात्रंदिवस सेवा करणाऱ्यांना वर्षातून एकदा थोडी उसंत मिळावी म्हणून मिळणारे १,७०० युरो १,३७५ केले. हे ३२५ युरो वाचवायचं कुणाला सुचलं मला आजही समजत नाही. लेबर पक्षाचे अध्यक्ष कोल्म कीव्हनी यांनी याच मुद्द्यावर स्वतःच्या सरकारविरोधात मत दिलं आणि त्यांना संसदीय गटातून बाहेर काढलं गेलं. कपात मात्र झालीच.

पुढे २०१३ ला क्रोक पार्कचा दुसरा करार युनियनच्या सभासदांनीच फेटाळला, मग हॅडिंग्टन रोड करार आला, ६५,००० युरोच्या वर पगार असलेल्यांना परत कपात. २०१६ ला लेबर ३७ वरून ७ वर. सेवा करणाऱ्यांचे १,७०० युरो त्या निवडणुकीच्या आधीच्या बजेटमध्ये परत आले, आणि पगार २०१५ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्यानं, २०१७ च्या कायद्यानं तर वेळापत्रकासकट. तरुणांचं मात्र उलटं झालं, २०१४ च्या बजेटमध्ये तो १०० चा दर २४ वर्षांपर्यंतच्या नव्या अर्जदारांना लावला. नंतर वेगळं घर करून राहणाऱ्यांना पूर्ण भत्ता मिळायला लागला, पण आईवडिलांकडे राहणाऱ्या २५ च्या आतल्यांसाठी कमी दर तसाच चालू राहिला.