स्टॉपवॉचवर कमी वेळ दिसली म्हणजे जागतिक विक्रम झाला का?

‘गावातल्या तरुणाने शंभर मीटर अंतर जागतिक विक्रमाहून कमी वेळात कापले, पण ओळखपाळख नसल्याने त्याची नोंद झाली नाही’ अशा आशयाचे संदेश गोव्यातही बराच काळ फिरत आहेत. त्यामागची आपुलकी खरी आहे. अनुमान मात्र चुकीचे आहे.

2009 पासूनचा पुरुषांचा विक्रम 9.58 सेकंदांचा आहे. हाताने वेळ घेणारा माणूस पिस्तुलाचा धूर पाहून बटण दाबतो, म्हणजे सुरुवातीलाच त्याला थोडा उशीर होतो, आणि धावपटू अंतिम रेषेकडे येताना दिसत असल्याने शेवटी तो उशीर होत नाही. म्हणून हाती घेतलेल्या वेळेत साधारण 0.24 सेकंद मिळवतात, 9.6 ची वेळ प्रत्यक्षात 9.84 च्या आसपास ठरते. याच कारणाने 1977 पासून या शर्यतीत केवळ स्वयंचलित वेळ विक्रमासाठी धरली जाते.

दुसरी अट वाऱ्याची. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला 2 मीटरपेक्षा अधिक असला, तर विक्रम मान्य होत नाही, आणि आपल्या किनाऱ्यालगतच्या मैदानांवर दुपारनंतरचा खारा वारा ही मर्यादा सहज ओलांडू शकतो.

पडताळणीसाठी अधिकृत निकालपत्रक मागावे: वेळ शतांश सेकंदापर्यंत आहे का आणि वाऱ्याचा आकडा अधिक-उणे चिन्हासह दिला आहे का, हे पाहावे. अंतर नेमके मोजलेले होते का, हेही विचारावे.