११ महिन्याचा करार आन रजिस्ट्री

लातूरला ट्युशन एरियात पोरासाठी रूम बघा, मालक हमखास म्हणणार, ११ महिन्याचाच करार आहे, रजिस्ट्री कशाला, बाँडवर नोटरी करू की. चूक आहे हे. वर्षाच्या आतलं चालतं हे गणित केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यातलं. आपल्याकडं मराठवाड्यात आधी हैदराबादचा १९५४ चा भाडेकायदा होता, तो जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू, आन त्याच्या कलम ५५ मधी महिन्याबिहिन्याची सूटच नाही, करार लेखी आन रजिस्टर पाहिजे, जबाबदारी मालकाची (भाडेकरूवर ढकलतात ते वेगळं!). नाही केला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. पण मालकलोकांनो, खरी मेख पुढंय, रजिस्टर करार नसला आन भांडण लागलं तर भाडं, डिपॉझिट, अटी याबद्दल भाडेकरू म्हणेल तेच धरतात, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत.