पार्श्वभूमी : अभ्यास, सामाजिक जीवन आणि खेळ यांच्या गुणांतून महाविद्यालयांची एकच क्रमवारी कशी झाली

अमेरिकेतील महाविद्यालयांना अभ्यास, सामाजिक जीवन आणि क्रीडासंस्कृती या तीन बाजूंनी गुण द्यायचे आणि त्यांतून एकच क्रमवारी लावायची, ही पद्धत आज इतकी रुळली आहे की हे तिन्ही गुण एकाच वेळी आणि एकाच हेतूने जन्मले असावेत, असा समज होतो. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी आणि वेगवेगळ्या प्रकारच्या पुराव्यावर उभे केले. अभ्यासाचा दर्जा बाहेरच्यांना विचारून ठरला, सामाजिक जीवनाचा आतल्यांना विचारून, आणि खेळाचा जय-पराजयाच्या नोंदी पाहून. या तिन्हींची बेरीज करण्याचा निर्णय अलीकडचा आहे, आणि सध्याच्या बहुतेक वादांचे मूळ त्या बेरजेत आहे.

तिन्हींमध्ये सर्वांत जुनी स्पर्धा खेळाची. १८५२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका सरोवरात दोन जुन्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांची नौकाशर्यत झाली. हा देशातील पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानला जातो, आणि त्याचा खर्च एका रेल्वे कंपनीने प्रवासी वाढावेत म्हणून उचलला होता. न्यू जर्सीत महाविद्यालयांमधील अमेरिकी फुटबॉलचा (इथे पुढेही फुटबॉल म्हणजे हाच खेळ) पहिला सामना १८६९ मध्ये झाला. खेळाडूंना आमिष दाखवून आणण्याची व पैसे पुरवण्याची पद्धत किती पसरली आहे, हे १९२९ च्या एका विस्तृत अहवालाने उघड केले. तरीही १९३६ पासून एका वृत्तसंस्थेने फुटबॉल संघांची साप्ताहिक क्रमवारी नियमितपणे द्यायला सुरुवात केली. महाविद्यालयांना क्रमांकाने ओळखण्याची सवय सामान्य वाचकाला लागली ती या यादीमुळे, अभ्यासाच्या यादीमुळे नव्हे.

अभ्यासाच्या बाबतीत पहिला मोठा प्रयत्न सरकारी होता. १९११ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्यातील एका अधिकाऱ्याने ३४४ संस्थांची प्रतवारी केली. त्या संस्थांचे पदवीधर पुढच्या अभ्यासक्रमात कितपत टिकतात, हा त्याचा निकष होता. कच्चा मसुदा वृत्तपत्रांपर्यंत पोहोचताच खालच्या वर्गात पडलेल्या संस्थांनी ओरड केली. तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनी प्रकाशन थांबवले आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनीही ते होऊ दिले नाही. तेव्हापासून हे काम सरकारच्या हातून गेले. १९२५ मध्ये ओहायोतील एका महाविद्यालयप्रमुखाने प्राध्यापकांची मते गोळा करून पदव्युत्तर विभागांना क्रम दिले. १९५७ मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्राने पदवी महाविद्यालयांच्या याद्या छापल्या. या दोन्ही उपक्रमांत इतर संस्थांतील जाणकारांचे मत हाच पुरावा होता. ज्याने त्या महाविद्यालयाच्या वर्गात कधी पाऊलही ठेवलेले नाही, त्याचे मत इथे वजनदार ठरले.

आजच्या क्रमवारीची घडण मात्र १९८२ नंतरच्या दहा वर्षांत झाली, आणि तिथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

१९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकाच्या शिक्षण संपादकाने निवडक महाविद्यालयांची मार्गदर्शिका काढली. तिचे वेगळेपण असे की प्रत्येक महाविद्यालयाला अभ्यास, सामाजिक जीवन आणि एकंदर जीवनमान असे तीन स्वतंत्र गुण एक ते पाच या श्रेणीत दिले होते. कमी गुण मिळालेल्या महाविद्यालयांचा रोष अपेक्षित होता. पण तो अभ्यासाच्या गुणांपेक्षा दुसऱ्या दोन गुणांवर अधिक होता. आमच्या वसतिगृहांतील संध्याकाळ कशी जाते हे सांगणारे तुम्ही कोण, असा त्या रोषाचा आशय होता. पुढे मार्गदर्शिकेच्या नावातून दैनिकाचे नाव गेले, पण तीन गुणांची रचना टिकली. नंतरच्या आवृत्त्यांत अभ्यासासाठी लेखण्या, सामाजिक जीवनासाठी टेलिफोन आणि जीवनमानासाठी तारे अशी चिन्हे आली. या मार्गदर्शिकेने दोन गोष्टी नीट केल्या होत्या, आणि त्यांचे श्रेय तिला द्यायला हवे. तिन्ही गुण तिने शेजारीशेजारी ठेवले, एकत्र मिसळले नाहीत. शिवाय सामाजिक जीवनाचा गुण दर्जाचा नसून प्रमाणाचा आहे, म्हणजे पाच टेलिफोन मिळणे ही प्रशंसाच असेल असे नाही, हेही तिने वाचकाला सांगितले होते.

त्यानंतर वर्षभरातच, १९८३ मध्ये, वॉशिंग्टनहून निघणाऱ्या एका वृत्तसाप्ताहिकाने तेराशेहून अधिक महाविद्यालयप्रमुखांना पत्रे पाठवून उत्तम महाविद्यालये कोणती, असे विचारले. सुमारे निम्म्यांनी उत्तरे दिली आणि कॅलिफोर्नियातील एक विद्यापीठ पहिले आले. १९८५ आणि १९८७ मध्ये हेच पुन्हा झाले. यादी बंद करावी म्हणून महाविद्यालयप्रमुखांचे एक शिष्टमंडळ संपादकांना भेटले. यादी बंद झाली नाही. १९८८ पासून ती वार्षिक झाली, मतांचा वाटा चौथ्या हिश्श्यावर आला आणि उरलेले गुण प्रवेशातील चुरस, प्राध्यापकवर्ग, खर्च आणि पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण यांना मिळाले. म्हणजे विरोध करायला गेलेल्यांच्या भेटीतून अधिक भक्कम दिसणारी यादी निघाली. सामाजिक जीवन आणि खेळ यांना या साप्ताहिकाने जागा दिली नाही, आणि ती मोकळी जागा इतरांनी भरली.

सर्वांत गुंतागुंतीचा निर्णय नेमका याच मोकळ्या जागेत झाला. १९८७ च्या जानेवारीत पुरुषांसाठी निघणाऱ्या एका मासिकाने मौजमजेसाठी प्रसिद्ध महाविद्यालयांची यादी छापली आणि उत्तर कॅलिफोर्नियातील एका राज्य विद्यापीठाला पहिला क्रमांक दिला. त्याच वर्षीच्या वसंतात तिथल्या पारंपरिक महोत्सवात दंगल उसळली आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांनी महोत्सवच कायमचा बंद केला. यादीमुळे दंगल झाली असे सिद्ध करता येत नाही. तरी त्या विद्यापीठाला ती ओळख पुढे कित्येक वर्षे पुसता आली नाही, हे खरे आहे. मासिकाच्या यादीला पद्धत म्हणावी असे काही नव्हते. पद्धत आली ती १९९२ मध्ये, प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या एका कंपनीच्या पुस्तकातून. या कंपनीने अध्यक्षांना किंवा प्राध्यापकांना न विचारता थेट विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली आणि उत्तरांवरून डझनावारी याद्या केल्या: जेवण कुठे चांगले, ग्रंथालय कुठे उत्तम, खेळाचे वेड कुठे अधिक. वृत्तपत्रांनी मात्र दरवर्षी उचलली ती मौजमजेचीच यादी.

या यादीचे सूत्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. मद्य आणि अमली पदार्थ किती वापरले जातात आणि कॅम्पसवरील फ्रॅटर्निटी-सोरोरिटी, म्हणजे विद्यार्थ्यांची व विद्यार्थिनींची निवडक सदस्यांची मंडळे, किती लोकप्रिय आहेत, यांबरोबर वर्गाबाहेर विद्यार्थी रोज किती तास अभ्यास करतात हेही त्यात मोजले जाई. अभ्यासाचे तास जितके कमी, तितके महाविद्यालय यादीत वर. सामाजिक जीवन म्हणजे अभ्यासाचा अभाव, ही व्याख्या अशा रीतीने थेट गणितातच शिरली. उलट्या टोकाला असलेल्या, मद्यापासून दूर राहणाऱ्या महाविद्यालयांच्या यादीत युटामधील एक चर्चसंचालित विद्यापीठ वर्षानुवर्षे पहिले येत राहिले. तिथल्या विद्यार्थ्यांचे परस्परसंबंध, सेवाकार्य आणि सामूहिक जीवन दाट असूनही या मापावर ते शून्याजवळ दिसले. नाटकमंडळ, वादविवाद, मध्यरात्रीपर्यंत रंगलेल्या गप्पा, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला मिळालेला आधार यांना या सूत्रात स्थानच नव्हते. २००२ मध्ये देशातील डॉक्टरांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने यादी बंद करण्याची मागणी केली. विद्यार्थी जे सांगतात तेच आम्ही छापतो, ही प्रकाशकांची भूमिका होती. ती भूमिका अप्रामाणिक नव्हती, पण अपुरी होती, कारण विद्यार्थी काय सांगतात आणि त्यातले काय एकत्र करून त्याला नाव काय द्यायचे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी विद्यार्थ्यांनी ठरवली नव्हती.

विद्यार्थ्यांच्या साक्षीला आणखी एक मर्यादा आहे. जो विद्यार्थी आपल्या महाविद्यालयाला पाचपैकी पाच गुण देतो, त्याने बहुधा दुसऱ्या कुठल्या महाविद्यालयात चार वर्षे काढलेली नसतात. बाहेरच्या महाविद्यालयप्रमुखाला तुलना ठाऊक असते पण अनुभव नसतो. आतल्या विद्यार्थ्याला अनुभव असतो पण तुलना नसते. असे असूनही कॅम्पसविषयी कॅम्पसवर राहणाऱ्याला विचारणे ही या सगळ्या इतिहासातील सर्वांत न्याय्य सुधारणा होती, आणि सूत्रातील दोषामुळे ती नाकारणे चुकीचे ठरेल.

खेळाचा प्रश्न वरवर सोपा दिसतो. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन फुटबॉलच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील, या खेळांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे नियंत्रण मोडले आणि मोठ्या विद्यापीठांसाठी पैशाची वाट मोकळी झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनच्या एका संघाने मायामीविरुद्ध अखेरच्या क्षणी चेंडूच्या लांब फेकीवर सामना जिंकला आणि विजयामुळे प्रवेश अर्ज वाढतात ही समजूत घट्ट झाली, जरी तिथल्या अर्जांची वाढ त्या फेकीच्या आधीपासून चालू होती. १९९३-९४ पासून सर्व खेळांतील यश एकत्र मोजणारा चषक सुरू झाला. पहिल्या वर्षी तो नॉर्थ कॅरोलायनात गेला आणि नंतरची सलग २५ वर्षे कॅलिफोर्नियातील एकाच विद्यापीठाकडे राहिला. परंतु चषक यश मोजतो, संस्कृती मोजत नाही. मोठ्या राज्य विद्यापीठात लाखभर प्रेक्षक मैदानात जमतात, पण महाविद्यालयीन संघांतून खेळणारे विद्यार्थी काही टक्केच असतात. न्यू इंग्लंडमधील लहान महाविद्यालयांत प्रेक्षक मोजके, खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, आणि तरीही विद्यार्थ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कुठल्या ना कुठल्या संघात असतात. क्रीडासंस्कृतीचा मान दुसऱ्या प्रकाराला अधिक मिळायला हवा; याद्यांनी तो सहसा पहिल्याला दिला.

बेरीज आली ती इंटरनेटबरोबर. २००२ मध्ये पिट्सबर्गमधील विद्यार्थ्यांनी एकेका महाविद्यालयाच्या पुस्तिका काढणारी कंपनी सुरू केली आणि अभ्यासापासून जेवणापर्यंत प्रत्येक बाबीला परीक्षेसारखी अक्षरश्रेणी दिली. २०१३ मध्ये तिने नाव बदलले, तोवर ती पुस्तिकांकडून संकेतस्थळाकडे वळली होती. सरकारी आकडे, विद्यार्थ्यांचे अभिप्राय आणि खेळाच्या नोंदी एकत्र करून एकूण श्रेणी काढणे आता सहज जमू लागले. १९८२ च्या मार्गदर्शिकेने जे वेगळे ठेवले होते ते इथे एका अक्षरात मिसळले.

२०१३ मध्येच केंद्र सरकारने महाविद्यालयांना श्रेणी देण्याची योजना जाहीर केली. विरोधानंतर ती सोडून देण्यात आली आणि २०१५ मध्ये शुल्क, पदवीचे प्रमाण आणि पुढील कमाई यांचे आकडे क्रमांकाविना लोकांपुढे ठेवले गेले. १९११ मध्ये आकडेही दडपले गेले होते. या वेळी निदान ते बाहेर आले. पदव्युत्तर विभागांच्या राष्ट्रीय पाहणीनेही २०१० मध्ये एकच क्रमांक न देता क्रमांकांचा पट्टा दिला होता. क्रमवारीवर जगणाऱ्या प्रकाशनांनी हा मार्ग घेतला नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठातील गणिताच्या प्राध्यापकाने आपल्याच संस्थेने पुरवलेल्या आकड्यांवर बोट ठेवले आणि ते विद्यापीठ १९८३ मध्ये यादी सुरू करणाऱ्या त्या वृत्तसाप्ताहिकाच्या क्रमवारीत दुसऱ्या स्थानावरून अठराव्यावर घसरले. त्याच वर्षाच्या अखेरीस देशातील अनेक अग्रगण्य विधिशाळांनी त्याच प्रकाशनाच्या विधिशाळांच्या क्रमवारीतून अंग काढून घेतले. २०२३ मध्ये त्याच्या महाविद्यालयांच्या क्रमवारीतून वर्गाचा आकार आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या हे निकष वगळण्यात आले.

खेळाच्या बाजूने सध्या सर्वांत मोठी उलथापालथ चालू आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली असून पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. त्याचा मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. काही विद्यापीठांनी जलतरण आणि टेनिसचे संघ बंद केले आहेत. ज्यांच्या क्रमवारीत केवळ मोठ्या खेळांचे यश मोजले जाते, त्यांच्या यादीत हे संघ बंद झाल्याची नोंद कुठेही दिसणार नाही.