स्टँप कायदा आणि चहा कायदा: एकाने कर लादला, दुसऱ्याने चहा स्वस्त केला

‘इंग्रजांनी चहावर जबर कर बसवला, चहा महागला, म्हणून बोस्टनकरांनी तो समुद्रात फेकला आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं.’ स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपासून व्हॉट्सॲपवरच्या पोस्टींपर्यंत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. त्यात 1765 चा स्टँप कायदा आणि 1773 चा चहा कायदा यांची खिचडी झालेली आहे. पहिल्याने खरोखर नवा कर आणला. दुसऱ्याने एका पेनीचाही नवा कर बसवला नाही, उलट चहा स्वस्त केला. आणि तरीही युद्धाकडे नेणारी वाट दुसऱ्यापासून सुरू झाली.

स्टँप कायद्यावर फार शाई खर्चायला नको. घर किंवा जमीन घेतलेल्या माणसाला मुद्रांक शुल्क काय असतं ते शिकवावं लागत नाही. फ्रान्सशी झालेल्या सप्तवार्षिक युद्धानंतर ब्रिटनवर सुमारे 13 कोटी पौंडांचं कर्ज होतं आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेच्या खर्चाचा काही वाटा तिथूनच काढायचा होता. म्हणून करारपत्रं, कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, पंचांगं, सगळं शिक्क्याच्या कागदावर आलं. पत्त्यांच्या जोडाला 1 शिलिंग, फाशांच्या जोडीला तब्बल 10. भरणा ब्रिटिश चलनात, आणि कायदा मोडणाऱ्यावर खटला ज्यूरी नसलेल्या नौदल न्यायालयातही चालवता येई. ‘पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, मग कर कसला?’ हा प्रश्न इथे सरळ लागू पडतो. शिक्क्याचा कागद वाटायला नेमलेल्यांनी जमावाच्या धाकाने राजीनामे दिले आणि मार्च 1766 मध्ये कायदा रद्द झाला. मात्र त्याच्याच जोडीला पार्लमेंटने दुसरा कायदा करून ठेवला, की अमेरिकेतल्या वसाहतींना कोणत्याही बाबतीत कायद्याने बांधून ठेवण्याचा अधिकार आम्हाला आहेच. पुढचा सगळा घोळ या ओळीत आहे, आणि नोट्सवाले नेमकी तीच गाळतात.

आता चहा. रतलामागे (साधारण 450 ग्रॅममागे) 3 पेन्स हा कर 1773 चा नव्हे, 1767 च्या टाउनशेंड कायद्यांचा. त्यांत काच, शिसं, रंग आणि कागदही होते. 1770 मध्ये बाकीचे कर उठले, चहावरचा तेवढा मुद्दाम ठेवला. तिजोरी भरावी म्हणून नव्हे, कर लावायचा हक्क सोडलेला नाही हे दाखवायला. या पैशाचं काय करायचं तेही कायद्यात होतं: त्यातून वसाहतींतल्या गव्हर्नरांचे आणि न्यायाधीशांचे पगार देता येणार होते. तोवर बऱ्याच ठिकाणी हे पगार स्थानिक विधिमंडळ मंजूर करी. गव्हर्नर ऐकेना, तर त्याचा पगार अडवता येत असे. पगार परस्पर लंडनच्या हुकुमाने मिळू लागला की विधिमंडळाच्या हातात उरतं काय? वाद रतलामागच्या 3 पेन्सांचा होता असं म्हणणाऱ्यांनी आधी हे पगाराचं कलम वाचावं.

मग 1773 मध्ये नवीन काय झालं? ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आली होती. लंडनच्या वखारींत सुमारे 1 कोटी 70 लाख रतल चहा पडून होता. पार्लमेंटने कंपनीला 14 लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि तिच्या गळ्यात लगाम म्हणून रेग्युलेटिंग ॲक्ट घातला. हा ॲक्ट आपल्याकडे परीक्षेला तोंडपाठ असतो, पण चहा कायदा हा त्याच बचाव मोहिमेचा दुसरा हात आहे हे सांगायचं राहून जातं.

तोवर कंपनीला चहा लंडनच्या लिलावातच विकावा लागे. तिथून तो ब्रिटिश व्यापारी घेत, ते अमेरिकेला पाठवत, तिथले घाऊक व्यापारी पुढे विकत. शिवाय ब्रिटनमध्ये भरलेल्या आयात शुल्कापैकी अमेरिकेला पाठवलेल्या मालावर 1772 पासून फक्त तीन पंचमांश परत मिळत होतं. चहा कायद्याने हा परतावा पूर्ण केला आणि कंपनीला स्वतःच्या निवडक आडत्यांकडे थेट माल धाडायची मुभा दिली. मधले दोन टप्पे गेले, शुल्क गेलं. 3 पेन्स जागच्या जागी राहिले, तरी कायदेशीर चहा डच तस्करीच्या चहाला टक्कर देईल इतका उतरणार होता.

लोक अडखळतात ते इथेच: स्वस्त चहावर कोण चिडेल? तर ज्यांना त्यातला सापळा दिसला ते. महाग चहावर बहिष्कार टाकणं सोपं असतं. स्वस्त चहा लोक मुकाट्याने घेतील, आणि प्रत्येक रतलाबरोबर 3 पेन्स भरून पार्लमेंटचा हक्क कबूल करतील. त्यातून हा माल फक्त कंपनीच्या आडत्यांकडे, आणि बोस्टनच्या आडत्यांत खुद्द गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे. आज चहाची मक्तेदारी दिली, उद्या दुसऱ्या मालाची का नाही, ही व्यापाऱ्यांची भीती होतीच.

‘हे सगळं तस्करांचं कारस्थान’ असं उलट टोकाचं विधानही हल्ली मोठ्या ऐटीत केलं जातं. तस्करांचं नुकसान होणार होतं, कबूल. पण तस्करीचे मोठे अड्डे न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया. बोस्टनमध्ये 1770 नंतर कर भरलेला चहा बऱ्यापैकी येत होता. तरीही तो बोस्टनमध्येच का बुडाला?

त्याचं उत्तर कस्टमच्या नियमांत आहे. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या आडत्यांनी राजीनामे दिले, आणि फिलाडेल्फियाला निघालेलं जहाज कस्टममध्ये नोंद व्हायच्या आतच नदीतून परत फिरवलं गेलं. बोस्टनचे आडते मात्र हटेनात. ‘डार्टमाउथ’ जहाज 28 नोव्हेंबरला आलं आणि त्याची नोंदही झाली. एकदा नोंद झाली की कर भरल्याशिवाय परतीचा परवाना नाही, आणि 20 दिवसांत कर भरला नाही तर कस्टम माल जप्त करणार. म्हणजे 17 डिसेंबरपासून तो चहा सरकारी हातून बाजारात यायची वाट मोकळी. जहाजमालकाने 16 तारखेला गव्हर्नरकडे जाऊन परत जाऊ द्या म्हणून विनवलं, त्याने नकार दिला. त्याच रात्री तीन जहाजांवरच्या 342 पेट्या, 90,000 रतलांहून जास्त चहा, पाण्यात गेला. कंपनीने नुकसान लावलं 9,659 पौंड. चार्ल्सटनला जहाज आलं तेव्हा हीच मुदत उलटली, चहा जप्त झाला आणि तळघरात पडून राहिला. तिथे काहीच बुडालं नाही, म्हणून ते कुणाला आठवत नाही.

जाता जाता: तो चहा भारतातला नव्हता. पेट्यांत सगळा चिनी माल होता. आसामचा चहा लंडनच्या लिलावात आला तो 1839 मध्ये.

आणि चहा बुडाला म्हणून लगेच युद्ध पेटलं, असंही नाही. युद्धाकडे नेलं ते लंडनच्या उत्तराने. 1774 मध्ये बोस्टन बंदर बंद झालं, बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत फेरफार करून वरच्या सभागृहाचे सदस्य राजाने नेमायचे ठरले, आणि गावसभांना गव्हर्नरच्या परवानगीचं बंधन आलं. फिलाडेल्फियाच्या किंवा व्हर्जिनियाच्या लोकांना बोस्टनच्या चहाचं कितपत सोयरसुतक होतं कोण जाणे, पण एका वसाहतीची सनद बदलता येते तर आपलीही येईल, हे सगळ्यांना समजलं. सप्टेंबरमध्ये 12 वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. 19 एप्रिल 1775 ला बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टन आणि काँकर्डला गोळ्या झडल्या आणि युद्ध सुरू झालं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यानंतर चौदा महिन्यांहून अधिक काळाने आला, आणि त्यातल्या तक्रारींच्या लांबलचक यादीत कराची ओळ एकच आहे. बाकी विधिमंडळं बरखास्त करणं, न्यायाधीश मुठीत ठेवणं, फौजा आणून बसवणं, सनदा हिरावणं.

1778 मध्ये पार्लमेंटने चहावरचा तो कर रद्द केला, महसुलासाठी वसाहतींवर कर लावणार नाही असा कायदाही केला, आणि तडजोडीसाठी शिष्टमंडळ धाडलं. काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, कळवलं: आधी स्वातंत्र्य मान्य करा किंवा फौजा मागे घ्या, मग बोलू.