पिकअपच्या आधीचा अर्धा सेकंद

बोरघाटात कंटेनरच्या मागे साठच्या वेगाने रखडायचं, उजवीकडची लेन मोकळी दिसली की बाहेर यायचं आणि ॲक्सिलरेटर दाबायचा. मग काहीच घडत नाही. मनात ‘एक’ म्हणून होईपर्यंत गाडी थंड, आणि मग पाठीत धपाटा बसावा तशी उसळते. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दोनशेच्या वर हॉर्सपॉवर, दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि मागून बस हॉर्न देत आलेली. तेवढ्या वेळात नेमकं काय चालतं ते मला समजून घ्यायचंच होतं.

प्रीमियर पद्मिनीच्या काळी पेडलची तार थेट कार्बोरेटरची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची, झडप उघडायची. अडखळणं तेव्हाही होतं. झडप उघडली की हवा झटकन आत शिरते, पेट्रोल जड असल्याने मागे राहतं, आणि इंजिन गुदमरतं. म्हणून कार्बोरेटरमध्ये एक छोटा पंप असायचा. रेस दिली की तो पेट्रोलची जादा पिचकारी मारायचा. तो झिजला की मेकॅनिक एका वाक्यात सांगायचा, ‘गाडी दम खाते.’

ती तार आता गेली. बीएमडब्ल्यूने १९८७ साली बारा सिलिंडरच्या सेव्हन सिरीजमध्ये इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, म्हणजे तारेऐवजी विजेच्या इशाऱ्यावर उघडणारी हवेची झडप, आणला, आणि आज साध्या हॅचबॅकमध्येही तोच असतो. पेडलपाशी दोन सेन्सर असतात. एक चुकला तर दुसऱ्याशी ताळा जुळत नाही आणि कॉम्प्युटर सावध होतो. पाय किती दाबला यावरून तो चाकांना किती जोर हवा ते ठरवतो आणि मग एका मोटरने झडप उघडतो.

इथेच एक गोष्ट होते, जी बहुतेकांना माहीत नसते. इंजिनपासून चाकापर्यंत दातेरी चाकं, जॉइंट आणि रबरी माउंट यांची साखळी असते, आणि प्रत्येक जोडात केसाएवढी ढिलाई. पाय उचललेला असताना चाकं इंजिनला ओढतात, दाबला की इंजिन चाकांना ढकलतं. म्हणजे प्रत्येक दाता एका बाजूवरून सुटून दुसऱ्या बाजूला टेकतो. पूर्ण जोर एकदम आला तर ‘ठक्’ आवाज होऊन गाडीला हिसके बसतात. म्हणून कॉम्प्युटर आधी हलक्या हाताने ढिलाई भरून काढतो आणि मगच जोर सोडतो. थोडा उशीर इथे मुद्दाम केलेला असतो, आणि मला तो पटतो.

पुढचा हिशोब गिअरबॉक्सचा. पेट्रोल वाचावं म्हणून तो शक्य तितक्या वरच्या गिअरमध्ये राहतो. साठच्या वेगाला समजा पाचवा आहे, इंजिन १५०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्यांवर. दोन क्लचच्या बॉक्समध्ये एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. पुढे वेग वाढेल अशा अंदाजाने त्याने सहावा आधीच जुळवून ठेवलेला असतो. आणि आपल्याला हवा असतो तिसरा! तिसरा आणि पाचवा एकाच क्लचवर, त्यामुळे थेट उडी नाही. सहावा सोडायचा, चौथा लावायचा, क्लच बदलायचा, मग तिसरा लावून पुन्हा क्लच बदलायचा. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे तेलातून जोर पुढे देणाऱ्या ऑटोमॅटिक बॉक्सची रचना वेगळी, पण खालचा गिअर शोधायला वेळ त्यालाही लागतो.

टर्बोची अडचण तर जुनीच. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. बाहेर जाणाऱ्या धुराने टर्बाइन फिरवायचं आणि त्याच्या जोरावर इंजिनमध्ये हवा कोंबायची. १५०० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात दर २० मिलिसेकंदांनी एक स्फोट होतो, म्हणजे अर्ध्या सेकंदात फक्त पंचवीस. एवढ्याशा धुरावर टर्बाइनला लाखाच्या वर आरपीएम गाठायचे असतात. १९७५च्या पोर्शे ९११ टर्बोचे चालक याच कारणाने वळणावर जपून असत. जोर उशिरा यायचा आणि आला की सगळा एकदम यायचा.

दोष कुठे आहे हे पार्ट बदलण्याआधी तपासता येतं. रिकामा, सरळ रस्ता बघा. गाडी मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्या गिअरला, ३००० आरपीएमवर धरा आणि पेडल दाबा, पण तळाशी लागणारं ‘टक्’ येण्याआधी थांबा, कारण तिथून पुढे बॉक्स स्वतः गिअर उतरवतो. आता गिअर ठरलेला आहे, टर्बोला धूर भरपूर आहे. तरीही गाडी अडखळली तर खरा बिघाड शोधायचा. टर्बोनंतरच्या हवेच्या पाइपला चीर किंवा सैल क्लॅम्प, झडपेवरची काजळी, झिजलेले प्लग, नाहीतर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलेली धूळ. त्या सेन्सरमधली तापलेली तार किंवा पट्टी हवेने किती थंड होते यावरून हवा मोजली जाते. धुळीचा थर आला की माप चुकतं.

माझ्या गाडीत या चाचणीतही बारीकशी अडखळ उरली होती. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपचा क्लॅम्प सैल निघाला. त्याच्याखाली तेलकट धुळीचा काळा पट्टा उमटला होता. क्लॅम्प आवळला आणि ती अडखळ गेली. ऑटोमॅटिक मोडमध्ये मात्र उशीर अजून आहे. म्हणून बोरघाटात कंटेनर दिसला की मी लेन बदलण्याआधीच स्टीअरिंगमागच्या गिअरच्या पॅडलने तिसरा लावून ठेवतो.